रिकाम्या उंबरठ्यावरचा उजेड

नाटकाच्या आदल्या रात्री सुतारकाम करणारे निजामुद्दीन चाचा खुर्चीचा एक पाय घेऊन नाट्यगृहात आले. दुपारी त्यांनी दिलेली खुर्ची डुगडुगत होती. पाय बदलायचा आणि घरी जायचं, एवढंच काम होतं.

रंगमंचावर दिवे लावणं चाललं होतं. नायिका अजून आली नव्हती, म्हणून तिच्या जागी बिल्किस उभी होती. बिल्किस कपडेपट सांभाळायची. उंची नायिकेएवढीच, त्यामुळे दिव्यांसाठी उभं राहायचं काम नेहमी तिच्याच वाट्याला यायचं. खाली अंधारात रामकिसन दिव्यांच्या यंत्रापाशी बसला होता.

"बिल्किस, हलू नकोस ना गं. हललीस की मला पुन्हा पहिल्यापासून लावावं लागतं."

"किती वेळ झाला रामकिसन. मी काय विजेचा खांब आहे का?"

"खांब असतीस तर बरं झालं असतं. खांब बोलत नाय."

पोरं हसली. चाचा हसले नाहीत. त्यांनी पाय ठोकून बसवला, खुर्ची हलवून पाहिली, आणि तेवढ्यात वीज गेली. सगळं नाट्यगृह काळं झालं. जनरेटरची किल्ली ज्याच्याकडं होती तो जेवायला गेला होता.

"आता बस म्हणा तिला," अंधारातून चाचांचा आवाज आला. "ये बेटा, या खुर्चीवर बस. मजबूत झाली आता."

सगळे मोबाइलच्या उजेडात रंगमंचाच्या कडेला येऊन बसले. चाचांनी विचारलं, "आज भोगी ना?"

"हो चाचा. उद्या संक्रांत."

चाचांनी हातोडी पिशवीत टाकली. मग म्हणाले, "ते मोबाइल बंद करा. डोळ्यावर येतात. एक गोष्ट सांगतो. माझ्या दोस्ताची आहे, खरी आहे. पटली तर ठेवा, नाही पटली तर सोडून द्या."

त्यांनी सांगितली ती ही गोष्ट.

*

सन १९७४. भोगीचीच रात्र. बद्रीनाथ जेवून उठला आणि सायकल काढून छावणीकडे निघाला. दुसऱ्या दिवशी करमाडला शाळेच्या पटांगणात त्यांच्या मंडळाचं नाटक होतं. दोन दिवे आणि उजेड कमी-जास्त करायच्या बरण्या छावणीतल्या जुन्या तालमीच्या घरात पडून होत्या. त्या रात्रीच बाहेर काढून ठेवायच्या, म्हणजे पहाटे टांग्यात घालता येतील. किल्ली निजामुद्दीनकडून घेतली. निजामुद्दीन तेव्हा मंडळाचे दरवाजे, खिडक्या, ओटे बनवायचा. तो म्हणाला, "सकाळी जाऊ की दोघं." बद्रीनाथ म्हणाला, "नको, सकाळी घाई होते."

बद्रीनाथ मूळचा पिशोरचा. शहरात विजेच्या ऑफिसात नोकरी, आणि जीव सगळा नाटकाच्या दिव्यांत. ते काम त्याच्या हातात होतं हे कुणीही मान्य करील. तो निजामुद्दीनला समजावून सांगायचा, "बघ, एकच दिवा समोरून मारला तर माणसाचं तोंड भाकरीसारखं चपटं दिसतं. म्हणून मोठा दिवा डावीकडून, जरा वरून. त्यानं नाक, डोळे, गालाचं हाड वर येतं. मग उजवीकडून दुसरा, पण मंद. त्यानं नुसती सावली मऊ होते. आणि तिसरा पाठीमागून. हा तिसरा कुणाला दिसत नाय, पण तोच माणसाला मागच्या अंधारातून सोडवतो."

तेव्हा दिव्यांची असली यंत्रं नव्हती. चिनी मातीच्या उंच बरणीत मिठाचं पाणी भरायचं. तळाशी शिशाची एक चकती, आणि वरून दोरीला टांगलेली दुसरी. दोरी सोडली की वरची चकती पाण्यात खाली जायची आणि दिवा हळूहळू उजळायचा. दोरी ओढली की मंद व्हायचा. पाणी तापायचं, वाफ निघायची. वरची लाकडी कप्पी कुरकुरायची.

आणि दिवे लावायचे तर त्यात कुणीतरी उभं राहायला पाहिजे. रिकाम्या जागेवर दिवा लागत नाही. तोंड लागतं. ते तोंड होतं आवडाबाईचं.

आवडाबाई छावणीतल्या त्या तालमीच्या घरात मागच्या खोलीत राहायची. झाडलोट करायची, पाणी भरायची. एकटी बाई. नवरा कधीच गेलेला, गावाकडं कुणी नाही. मंडळातल्या बायका तालमीला उशिरा यायच्या, मग तात्यासाहेब, म्हणजे मंडळाचे दिग्दर्शक, हाक मारायचे, "बद्रीनाथ, तुझं मीटर आणून उभं कर." सगळे हसायचे. आवडाबाई हात पुसत यायची आणि खडूच्या फुलीवर उभी राहायची.

मीटर म्हणायचे ते उगाच नव्हतं. आवडाबाई डोळे मिटून सांगायची, "भाऊ, डाव्या गालाला लागलं. उजवा अजून थंड हाय." दिवा बरोबर पडला की नाही हे ती गालाच्या उबेवरून ओळखायची. बद्रीनाथनं नंतर सगळ्या नटांना तेच शिकवलं. उजेड शोधायला डोळे लागत नाहीत, गाल लागतो.

पाय भरून यायचे तिचे. ती जरा वजन बदलायची. बद्रीनाथ खालून ओरडायचा, "हलू नका आवडाबाई. आता पुन्हा पहिल्यापासून." आणि खरंच सगळे दिवे विझवून तो पहिल्यापासून सुरू करायचा. ती म्हणायची, "व्हय भाऊ. चुकलं."

बरीच वर्षं असं चाललं. उभं राहून राहून तिला सगळ्या नाटकांची सगळी वाक्यं पाठ झाली होती. तिसरी घंटा झाली की ती मात्र विंगेच्या मागं, पाण्याच्या कळशीपाशी. एकदा तिनं बद्रीनाथला विचारलं होतं, "भाऊ, मला एखादं काम मिळंल का? लहानसं. मुकं असलं तरी चालंल." बद्रीनाथ म्हणाला, "मी बोलतो तात्यांशी. शब्द देतो तुम्हाला."

आणि तो बोलला, हेही खरं. १९७१ च्या स्पर्धेच्या नाटकात एका म्हाताऱ्या आईचं काम होतं. मुलगा घर सोडून जातो, आई उंबरठ्यावर उभी राहून त्याच्या वाटेकडं बघते. चारच वाक्यं. तात्यासाहेबांनी ते आवडाबाईला दिलं. निजामुद्दीननं चौकट आणि उंबरठा सागवानी केला होता. आवडाबाई त्या चौकटीला टेकून अशी काही उभी राहायची की तालमीला आलेली माणसं बोलायची थांबायची. बद्रीनाथनं त्या प्रवेशाचा उजेड तिच्यासाठीच बांधला. डाव्या गालावर मोठा दिवा, उजवीकडं जेमतेम, आणि पाठीमागून एक, म्हणजे ती घरातल्या काळोखातून सुटून बाहेर येईल.

नाटकाच्या दिवशी सकाळी तात्यासाहेबांनी ते काम एका साहेबांच्या बायकोला दिलं. साहेबांनी मंडळाला थेटर मिळवून दिलं होतं. बाईंना हौस होती. तात्यासाहेब आवडाबाईला म्हणाले, "तुझं काय, पुढच्या वेळी. तू कुठं पळून जातीस?"

आवडाबाईनं बद्रीनाथकडं पाहिलं.

बद्रीनाथ तारा गुंडाळत होता. तो तारा गुंडाळतच राहिला.

रात्री प्रयोग झाला. साहेबांच्या बाईंना दिव्याची धग सोसेना. फुलीवर उभ्या राहायच्या ऐवजी त्या हातभर लांब, चौकटीच्या आड सरकल्या. चार वाक्यं अंधारातच बोलल्या. आणि बद्रीनाथनं बांधलेला तो सगळा उजेड रिकाम्या उंबरठ्यावर पडून राहिला. तिथं कुणी नव्हतं. आता दिवा हलवायचा तर शिडी लागते, प्रयोगात कुठली शिडी? बद्रीनाथनं कपाळावर हात मारून घेतला. आता तोंड काळं झालं, असं त्याला वाटलं.

पण झालं उलटंच. परीक्षकांनी निकालाच्या वेळी त्याचंच नाव घेतलं. म्हणाले, आई घरात असून नसल्यासारखी झाली, हे या प्रकाशयोजनाकारानं रिकाम्या उंबरठ्यावर उजेड ठेवून दाखवलं. असं काम आम्ही पाहिलं नाही. पहिलं बक्षीस. ढाल हातात देताना त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला सुचलं कसं?"

बद्रीनाथ ढालीकडं बघत म्हणाला, "सुचलं."

विंगेत आवडाबाई कळशी घेऊन उभी होती. तिनं ते ऐकलं. सगळे फोटोला पुढं गेले, तेव्हा तिनं त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि हळूच विचारलं, "भाऊ, काय सुचलं?"

त्यानं पाणी पिऊन पेला परत दिला. आणि फोटोला गेला.

त्यानंतर ती दिव्यात उभी राहिली नाही. तात्यासाहेबांनी हाक मारली तर म्हणायची, "पाय दुखत्यात." पुढच्या हिवाळ्यात त्याच मागच्या खोलीत तापानं गेली. शेजारच्यांनी निरोप धाडला, तेव्हा बद्रीनाथ सत्काराला दुसऱ्या गावी गेला होता. तात्यासाहेबांनी तालमी दुसरीकडं हलवल्या. घर बंद झालं. सामान तिथंच राहिलं.

*

"मग चाचा?" बिल्किसनं विचारलं. ती खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती.

"मग काय, बेटा. भोगीच्या रात्री तो त्या घरात गेला."

*

छावणीत तेव्हा रात्री चिटपाखरू नसायचं. बद्रीनाथनं सायकल भिंतीला लावली. कुलूप गंजलं होतं, पण किल्ली फिरली. हातात बॅटरी. तिचा उजेड फिरवत तो पुढच्या खोलीतून आत गेला. घराची वीज केव्हाच तोडलेली. मीटर काढून नेलेलं, भिंतीवर त्याची चौकोनी पांढरी जागा तेवढी दिसत होती. तारा कापून लोंबत होत्या. हे त्यानं मुद्दाम पाहिलं, कारण तो त्याच खात्यातला माणूस.

तालमीची खोली मोठी होती. एका बाजूला ओटा, त्यावर निजामुद्दीनची ती सागवानी चौकट तशीच उभी. कोपऱ्यात पेटी. पेटीत दोन दिवे. त्यानं उचलून पाहिले. काचा शाबूत होत्या. त्याला बरं वाटलं.

बरण्या ओट्यासमोर, दाराच्या बाजूला होत्या. पाणी कधीच आटलेलं, तळाशी मिठाची पांढरी खपली. त्यानं एक बरणी तिरकी केली. खपली कोरडी, खडखडीत. मग त्यानं पहिला दिवा उचलला आणि दाराकडं वळला.

बॅटरी मंद झाली. त्यानं ती तळहातावर आपटली. थोडी पेटली. मग गेली.

सेल नवे होते. सकाळीच घातलेले.

तो उभा राहिला. अंधाराला डोळे सरावतील म्हणून वाट बघत. खिडक्या बंद. काही दिसेना.

मग काळोखात पाण्याचा आवाज झाला.

बारीक. बरणीत काहीतरी बुडावं तसा.

बद्रीनाथनं ओळखला. आयुष्यभर ऐकलेला आवाज. त्याला वाटलं, उंदीर असेल. पण उंदराला पाणी कुठून मिळणार… खपली तर कोरडी होती.

मग कप्पी कुरकुरली.

आणि मागं, ओट्यावर उजेड यायला लागला. बद्रीनाथ वळला.

एकदम नाही. हळू. आधी तांबूस, निखाऱ्यासारखा. मग पिवळा. बद्रीनाथच सगळ्यांना सांगायचा, उजेड चोरपावलानं यावा, आला हे कळू नये. तसाच आला. वर बघितलं तर आढ्याला दिवा नव्हता. दोन्ही दिवे खाली होते. एक पेटीत. एक त्याच्या हातात, थंडगार.

उजेड उंबरठ्यावर पडला होता. रिकाम्या उंबरठ्यावर. ओट्यावर खडूची फुली स्पष्ट दिसत होती. ताजी.

दार त्याच्या पाठीमागं होतं. पण त्या बाजूला काळोख, आणि काळोखात… कुणीतरी बसलं आहे असं त्याला वाटलं. प्रयोगाच्या आधी बद्रीनाथ स्वतः जिथं बसायचा, तिथं. दोऱ्यांपाशी.

त्याला अंधारात जायची हिंमत झाली नाही. तो उजेडाकडं गेला. माणूस उजेडाकडंच जातो.

हातातला दिवा खाली ठेवून ओट्यावर चढला. फुलीवर पाय ठेवला.

डाव्या गालाला ऊब लागली.

उजवा गाल थंड होता. थोड्या वेळानं दुसरी कप्पी कुरकुरली. उजवीकडूनही उजेड आला. मंद. बेताचा. अगदी हवा तेवढा.

त्यानं खाली बघितलं. समोर काही दिसत नव्हतं. दिव्यात उभं राहिलं की समोर नुसता काळोख दिसतो. हे त्याला माहीत नव्हतं. तो कधी दिव्यात उभाच राहिला नव्हता.

त्यानं एक पाय हलवला.

सगळं विझलं.

काळोख. पाणी थांबलं… कप्पी थांबली. आपला श्वास तेवढा त्याला ऐकू येत होता. मग पुन्हा ते बुडबुड. पुन्हा तांबूस. पुन्हा पिवळा. पहिल्यापासून.

तो उतरायला गेला. विझलं.

पहिल्यापासून.

त्यानं हात जोडले. विझलं.

पहिल्यापासून.

मग तो हलायचा थांबला.

किती वेळ, ते त्याला सांगता आलं नाही. पाय भरून आले. पोटऱ्या थरथरायला लागल्या. मान ताठली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते पुसायची सोय नव्हती. काळोखातून कुणी बोलेना. एक शब्द नाही. नुसतं कुणीतरी बघत होतं. शांतपणे. काम करणारा माणूस बघतो तसं.

त्याला कळलं होतं, काय पाहिजे ते. एक नाव आणि एक वाक्य. हा उजेड मला सुचला नव्हता, तो तिच्यासाठी बांधला होता, ती तिथं नव्हती म्हणून रिकामा दिसला. एवढंच.

त्यानं तोंड उघडलं…

ओठ हलले. उजेड विझला नाही. वाट बघत राहिला.

बद्रीनाथनं तोंड मिटलं.

तेव्हा तिसरी कप्पी कुरकुरली. दिवे दोनच. बरण्याही दोनच. पण पाठीमागून, चौकटीच्या आतल्या काळोखातून, त्याच्या मानेवर, खांद्यावर उजेड आला. त्याची सावली पुढं पडली. लांब. ओट्यावरून खाली, खोलीच्या फरशीवरून, दोऱ्यांच्या जागेपर्यंत.

सावली तिथं कुणाच्या तरी पायांवर चढली. आणि वाकली.

*

चाचा थांबले. रामकिसनला वाटलं, चाचांना पाणी हवं असेल. त्यानं बाटली पुढं केली, चाचांनी ती बाजूला ठेवली.

*

संक्रांतीच्या पहाटे टांगा घेऊन निजामुद्दीन घराशी आला. सायकल भिंतीला होती. दार उघडं. आत गेला तर बद्रीनाथ ओट्यावर, चौकटीत. डोळे मिटलेले. तोंड डावीकडं वर उचललेलं. तसाच उभा. खोलीत मिट्ट काळोख, टांगेवाल्याच्या कंदिलाचा तेवढा उजेड.

"बद्री. अरे बद्री, काय करतोस इथं?"

त्यानं डोळे उघडले नाहीत. ओठांतल्या ओठांत म्हणाला, "हलवू नको मला. पुन्हा पहिल्यापासून होईल."

दोघांनी धरून खाली उतरवला. पाय लाकडासारखे झाले होते. टांग्यात त्यानं सगळं सांगितलं, आता तुम्ही ऐकलं तेवढं. निजामुद्दीननं बरण्या बघितल्या होत्या. कोरड्या होत्या. फुलीबिली काही नव्हती, धूळ होती. त्यानं विचारलं, "तू बोलला का नाहीस मग? एक नाव तर घ्यायचं होतं. घरात कोण होतं ऐकायला?"

बद्रीनाथनं मान रस्त्याकडं वळवली. मग म्हणाला, "कुणी ऐकलं असतं तर?"

ढाल होती ना त्याच्याकडं. घरात काचेच्या कपाटात. ती शेवटपर्यंत तिथंच राहिली, पाहुण्यांना दाखवायला. त्या दिवसानंतर त्यानं नाटकाचे दिवे सोडले. कुणी विचारलं तर म्हणायचा, डोळे दुखतात. ते बक्षीस मात्र त्याचंच राहिलं. शहरात ज्याला-त्याला आजही माहीत आहे, रिकाम्या उंबरठ्यावरचा उजेड म्हणजे बद्रीनाथ. आवडाबाई कोण, हे तुम्ही आज पहिल्यांदा ऐकलं.

*

"पण चाचा," रामकिसन म्हणाला, "भास झाला असेल त्यांना. मनाला खात असेल ते."

"असेल बाबा. मीही तेच म्हणत आलो. पन्नास वर्षं म्हणत आलो."

"मग आता?"

अंधारात चाचांचा हात शर्टावर घासल्याचा आवाज आला, जणू ते तळहात पुसत होते.

"गेल्या थंडीत बद्री गेला. मुलगा पुण्याहून यायचा होता, म्हणून रात्रभर त्याला बर्फाच्या पेटीत ठेवलं. सकाळी बाहेर काढलं, तेव्हा मी होतो. जुना दोस्त. शेवटचा हात फिरवावा म्हणून मी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. कपाळ, बर्फ. उजवा गाल, बर्फ. बोटं बधिर झाली माझी…"

त्यांनी हात पुन्हा शर्टावर पुसला.

"डावा गाल गरम होता. तासभर दिव्यात उभं राहिल्यावर असतो ना, तेवढा."